लून कुळाचा बफेलो

अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या दक्षिण काठालगत मॅडेलिन बेट आहे. तिथल्या ला पॉइंटमध्ये १७५९च्या सुमारास ओजिब्वे या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार केचेवाइश्के जन्मला. सरकारी कागदांत त्याचं नाव लागलं ‘बफेलो’. ओजिब्वेंच्या तहांचा इतिहास त्याच्यावाचून सांगता येत नाही, पण त्याची सरदारकी निर्विवाद मात्र कधीच नव्हती.

ओजिब्वेंत कूळ बापाकडून येतं. प्रत्येक कुळाचा एक प्राणी, पक्षी किंवा मासा असतो, आपल्याकडच्या देवकासारखा, आणि एकाच कुळात सोयरीक होत नाही. बफेलोचं कूळ लून या पाणपक्ष्याचं. त्याचे आजोबा आंदेग्वेओस फर्डे वक्ते होते आणि फ्रेंचांच्या मर्जीतले. लून घराण्याचं वजन वाढलं ते त्या काळात. जुना मान क्रौंच कुळाचा.

क्रौंचांच्या मनातली ही सल पुढेही मिटली नाही. ला पॉइंटच्या एका सभेत क्रौंचांचा प्रमुख तुगवॉगाने याने बफेलोच्या देखत एक कथा सांगितली: क्रौंच आकाशातून उतरला, त्याने हाळी घालून साऱ्या कुळांना गोळा केलं आणि सभेत आपल्या वतीने उत्तर द्यायला लूनला नेमलं. म्हणजे बोलायचा मान तुमचा, पण तो दिला आम्ही! ही हकिकत लिहून ठेवणाऱ्या विल्यम वॉरनची आजी मॅडेलिन क्रौंच सरदाराची लेक होती (बेटाला नाव तिचंच), हेही वाचताना ध्यानात असू द्यावं.

शिवाय ओजिब्वे सरदाराला हुकूम सोडता येत नसे. लोकांना पटवावं लागे, आणि बफेलोचं बळ तिथेच होतं. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३७च्या तहात पाइनची जंगलं गेली, १८४२च्या तहात तांब्याचा प्रदेश. दोन्हींवर सहीऐवजी त्याची खूण आहे. शिकार-मासेमारीचा हक्क मात्र तहांत राखलेला होता आणि गुन्हा केल्याशिवाय आपल्याला हुसकावणार नाहीत, अशी लोकांची समजूत होती.

१८५०मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलरने ओजिब्वेंना तिथून पश्चिमेला हलवण्याचा आदेश काढला. जमिनीच्या बदल्यात दरवर्षी ला पॉइंटला मिळणारी तहाची रक्कम आणि सामान त्या वर्षी दूर पश्चिमेला, मिनेसोटातल्या सँडी लेकला वाटायचं ठरलं. लोक शरद ऋतूत तिथे पोहोचले, तर वाटप करणारा एजंटच जागेवर नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला मिळालं तेही अपुरं. नासकं अन्न, गोवर, हगवण आणि मग बर्फातून पायी परतणं. सुमारे ४०० माणसं दगावली.

१८५२च्या वसंतात नव्वदी ओलांडलेला बफेलो भूर्जाच्या सालीच्या होडीतून वॉशिंग्टनला निघाला. सोबत तरुण वक्ता ओशोगा आणि दुभाषा, मानलेला मुलगा बेंजामिन आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँगच्या आठवणींनुसार वाटेत अधिकाऱ्यांनी अडवलं, राजधानीतही आधी परत जायला फर्मावलं. अखेर राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर भेटले. आधी चिलीम ओढली गेली, मग मुख्य भाषण ओशोगाने केलं. हलवण्याचा आदेश मागे घेतला गेला.

३० सप्टेंबर १८५४च्या तहाने रेड क्लिफ, बॅड रिव्हर अशी कायमची राखीव क्षेत्रं मिळाली. ७ सप्टेंबर १८५५ला बफेलो वारला, मृत्युशय्येवर कॅथलिक होऊन. कबर ला पॉइंटलाच आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला ‘बीशीकी’चा (म्हणजे बफेलोचा) संगमरवरी अर्धपुतळा याचाच, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण त्याखाली ‘मिसिसिपीच्या उगमाकडचा योद्धा’ असं आहे, आणि १८५५मध्ये तहासाठी वॉशिंग्टनला गेलेला लीच लेकचा बफेलो हा वेगळा सरदार; पुतळा त्याचा असावा.

घराण्याचा वारसा कोर्टातही गाजला. १८५४च्या तहाने बफेलोला ६४० एकरांचा एक तुकडा निवडून हव्या त्या माणसांना द्यायची मुभा दिली होती. त्याने तो नातलगांच्या आणि आर्मस्ट्राँगच्या नावे केला. त्यातली जमीन पुढे डलुथ शहराच्या भर वस्तीत आली. आर्मस्ट्राँगने आपला हिस्सा फ्रेडरिक प्रेंटिसला विकला होता, पण खरेदीखतातलं वर्णन प्रत्यक्ष जमिनीशी जुळेना. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९४मध्ये प्रेंटिस हरला.