एसी गार होत नाही? गॅस भरण्याआधी सेन्सर तपासून घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"दोन महिन्यांत दोनदा गॅस भरला, तरी एसी चालत नाही," असं सांगत कोणी गाडी घेऊन आलं की आम्ही गॅसचा दाब मोजायचं गेज लावण्याआधी डॅशबोर्डवरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा बघतो. गेल्या मे महिन्यात अशाच एका गाडीत भर दुपारी तिथे उणे ४० दिसत होतं. बाहेर एवढी थंडी आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटत असल्यामुळे तो कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, चालूच होऊ देत नव्हता. कारण सापडलं पुढच्या बंपरमागे. बंपर रंगवायला काढला तेव्हा सुटलेला एक छोटा कनेक्टर परत जोडायचा राहून गेला होता. गॅस पहिल्यापासून पुरेसा होता. वरून भरलेला जास्तीचा गॅस आम्हाला काढावा लागला. त्या ग्राहकाचे पैसे आणि उन्हाळ्याचे दोन महिने फुकट गेले, याचं आम्हाला खरंच वाईट वाटलं. हे पत्रक त्यामुळेच लिहायला घेतलं.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये तुम्ही २४ अंश लावता, पण ते २४ झाले की नाही हे गाडीला सेन्सर सांगतात. बाहेरच्या हवेचा सेन्सर बहुतेक गाड्यांत बंपरच्या किंवा जाळीच्या मागे, कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पुढे असतो. आतल्या हवेचा डॅशबोर्डवर, नखाएवढ्या जाळीमागे. तिसरा कूलिंग कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात. चौथा उन्हाचा, पुढच्या काचेखाली, काळ्या बटणासारखा दिसणारा. साध्या, हाताने फिरवायच्या नॉबवाल्या एसीत यातला बहुधा फक्त कॉइलचाच सेन्सर असतो, पण तो बिघडला तर त्रास तेवढाच होतो.

उन्हाचा सोडला तर बाकी सगळे थर्मिस्टर असतात. तापमान वाढलं की त्यांचा विद्युत रोध कमी होतो, थंडी पडली की वाढतो. २५ अंशांना १० किलोओम दाखवणारा सेन्सर शून्य अंशांना ३० किलोओमच्या वर जातो आणि ५० अंशांना ४ च्या आसपास येतो. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, म्हणून एका गाडीचा तक्ता दुसऱ्या गाडीला लावून चालत नाही. एक गोष्ट मात्र जवळपास सगळीकडे सारखी: वायर तुटली तर रोध अमर्याद होतो आणि कॉम्प्युटर त्याचा अर्थ 'कडाक्याची थंडी' असा घेतो. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर त्याला भयंकर उकाडा वाटतो. स्क्रीनवर उणे ४० किंवा नुसत्या आडव्या रेघा दिसल्या तर आधी वायर आणि कनेक्टर बघायचा. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात, आणि उंदीर तर बारमाही असतात.

घाटात गार, मग हळूहळू बंद

सगळ्यात जास्त फसवणारी तक्रार कूलिंग कॉइलच्या सेन्सरची. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर निघालात, पहिला अर्धा-पाऊण तास एसी मस्त. मग हवेचा झोत हळूहळू कमी होतो, ब्लोअरचा आवाज तेवढाच येतो, पण हवा लागत नाही. फूड मॉलला चहाला थांबलात, वीस मिनिटांनी परत निघालात तर एसी पुन्हा पहिल्यासारखा, आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी. कॉइलवर बर्फ जमला होता आणि तो थांबल्यावर वितळला, एवढाच याचा अर्थ. कॉइल शून्याजवळ आली की कॉम्प्रेसरला आवर घालणं हे या सेन्सरचं काम. तो कॉइल खरी आहे त्यापेक्षा गरम सांगायला लागला की कॉम्प्रेसर थांबत नाही. पावसाळ्यात हवेत ओलावा जास्त, त्यामुळे बर्फही लवकर धरतो. अर्थात केबिन फिल्टर धुळीने बंद झाला असेल तरीही असंच होतं. म्हणून आम्ही फिल्टर आधी काढून बघतो; ते काम पाच-दहा मिनिटांचं आहे. कॉइलच्या सेन्सरसाठी काही गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

आतल्या सेन्सरचा प्रश्न बहुतेकदा धुळीचा निघतो. त्याच्या जाळीतून आतली हवा थोडी थोडी ओढली जाते, काही गाड्यांत छोट्या पंख्याने, काहींत ब्लोअरला जोडलेल्या नळीने. नळी निसटली किंवा पंख्यात केस-धागे अडकले की सेन्सर तापलेल्या डॅशबोर्डचंच तापमान मोजत बसतो, आणि एसी तुम्हाला काकडायला लावतो. हे तुम्ही घरीही बघू शकता: ब्लोअर चालू करून टिश्यू पेपरचा छोटा तुकडा त्या जाळीला लावा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय.

उन्हाच्या सेन्सरवर गणपतीची मूर्ती, मोबाइलचा स्टँड किंवा डॅशबोर्डची चटई येऊ देऊ नका. त्याला सावली मिळाली की गाडीला ऊन कळत नाही.

आम्ही कसं तपासतो

शक्यतो गाडी रात्री आमच्याकडे सोडा किंवा सकाळी थंड इंजिनने आणा. रात्रभर उभ्या गाडीत बाहेरचा, आतला, कॉइलचा सेन्सर आणि इंजिनच्या पाण्याचा सेन्सर हे सगळे जवळपास एकच आकडा दाखवायला हवेत, दोन-तीन अंशांचा फरक चालतो. स्कॅनरच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर तिघं २६ म्हणतायत आणि एक १४ म्हणतोय, तर खोटं कोण बोलतंय ते इथेच कळतं. दुपारी, तापलेल्या गाडीत हे कळायला अवघड जातं.

मग संशयित सेन्सरचा कनेक्टर काढतो. स्कॅनरवर आकडा एकदम तळाला जायला हवा. कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्या की तो एकदम वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि कॉम्प्युटर ठीक, दोष सेन्सरचा. नाही झालं तर नवा सेन्सर घालून काही उपयोग नाही. शेवटी सेन्सर बर्फाच्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात धरून मल्टिमीटरवर रोध बघतो. तो सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली तर आतून तडा गेलेला असतो, आणि असा सेन्सर खड्ड्यांतून जाताना चालू-बंद होतो. हे प्रयोग घरी करणाऱ्यांना एक विनंती: डॅशबोर्डखाली पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका. ती एअरबॅगची वायर असते.

टोयोटाच्या अनेक गाड्यांत एसी स्वतःच दोष सांगतो. ऑटो आणि हवा आत फिरवण्याचं, अशी दोन बटणं दाबून धरत इग्निशन चालू केलं की कोड दिसतात: ११ म्हणजे आतला, १२ बाहेरचा, १३ कॉइलचा, २१ उन्हाचा. स्कॅनरवर हेच बी१४११, बी१४१२ असे येतात. मात्र २१ शेडमध्ये, सावलीत आला तर आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. गाडी उन्हात काढून परत बघतो.

हे दोष नव्हेत

सिग्नलला पंधरा मिनिटं अडकलात आणि बाहेरचं तापमान ४६ दिसलं तर घाबरू नका. इंजिनची आणि रस्त्याची गरमी बंपरमागे साठते. गाडी वेगाने चालली की आकडा खाली येतो. नवा सेन्सर बसवल्यावरही काही गाड्यांत जुना आकडा थोडं अंतर जाईपर्यंत तसाच राहतो. आणि एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम हवा येत असेल, डॅशबोर्डमधून टिकटिक आवाज येत असेल, तर ते बहुधा हवेची झडप फिरवणाऱ्या मोटरचं काम आहे. त्याचा सेन्सरशी संबंध नाही.

गाडी आणताना एवढं सांगा: एसी कधी बिघडतो, सुरू करताच की तासाभराने, त्याआधी बंपर, काच किंवा डॅशबोर्डचं काही काम झालं का, शेवटचा गॅस कधी भरला. तपासणीत काय आकडे आले ते आम्ही तुम्हाला कागदावर लिहून देऊ, आणि बदललेला जुना सेन्सर तुमच्या हातात ठेवू.