उठावाची रेषा की खोदीव? बॉम्बर किटांच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या बॉम्बरच्या छोट्या मॉडेलचं, घरी जोडायचं नवं किट जाहीर झालं की पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो : पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा, कशा आहेत? नाकाचा आकार, टरेटच्या (बंदुकांच्या फिरत्या घुमटाच्या) काचा, बॉम्ब ठेवायच्या कप्प्यातली कलाकुसर, हे सगळं नंतर. ‘खोदीव आणि बारीक’ असं उत्तर आलं की निम्मी पसंती तिथेच मिळते. ‘उठावाच्या’ म्हटलं की किट जुनाट ठरतं. हा निकष इतका अंगवळणी पडलाय की तो कधीतरी कुणीतरी ठरवला होता, याचाच विसर पडलाय.

फार मागे जायची गरज नाही. 1/72 हे माप 1930 च्या दशकात ब्रिटनमधल्या लाकडी किटांनी रुळवलं. एक इंचाला सहा फूट, सोपा हिशेब. 1936 मध्ये तिथेच याच मापाची प्लास्टिकची किटं आली, पण ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट होतं आणि त्यात काही वर्षांत बाक यायचा. युद्धात अमेरिकेने 1942 मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं करून घ्यायचं ठरवलं. तोफांवरच्या आणि टेहळणीवरच्या माणसांना आपलं विमान कोणतं नि शत्रूचं कोणतं, हे ओळखता यावं यासाठी. 35 फुटांवरून पाहिलेलं 1/72 मॉडेल म्हणजे साधारण अर्ध्या मैलावरचं खरं विमान. ती मॉडेलं सरसकट काळी रंगवत. महत्त्व बाह्याकाराला, कारण अर्ध्या मैलावरून पत्र्याचा सांधा कुणाला दिसत नाही. पुढच्या सगळ्या भांडणात एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन प्लास्टिक आलं आणि छंद घरोघरी गेला. 1950 च्या दशकात अमेरिकी कंपन्या खोक्याच्या मापात बसेल तसं विमान आक्रसून घेत. त्यामुळे बी-17 ही अमेरिकी बॉम्बर आणि तिच्याहून कितीतरी मोठी बी-29 शेल्फवर शेजारी ठेवली की जुळ्या बहिणी वाटायच्या. ब्रिटनने 1/72 धरून ठेवलं. 1958 मध्ये त्या मापातली लँकेस्टर ही ब्रिटिश बॉम्बर आली, पंखांची लांबी सुमारे 43 सेंटिमीटर. चार इंजिनांचं विमान स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडता येतं, हे तिने दाखवून दिलं. मग रिव्हेटांचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांचा, जमाना सुरू झाला. 1966 च्या स्टर्लिंग बॉम्बरच्या किटावर तर इतके ठिपके की रंगाचा हात फिरवताना ब्रश अडखळावा. आज आपण त्याला हसतो, पण खरी बॉम्बर जवळून पाहिली तर गोल डोक्यांचे रिव्हेट दिसतात. चूक रिव्हेट दाखवण्यात नव्हती, त्यांच्या आकारात होती.

माझ्या मते या छंदाचा खरा बहराचा काळ 1975 ते 1977. एका अमेरिकी कंपनीने लागोपाठ तीन वर्षांत 1/48 मापात बी-17, बी-24 आणि बी-29 काढल्या. 1973 च्या तेलसंकटानंतर प्लास्टिकचे भाव चढलेले असताना एवढे मोठे साचे पाडायचे, हे धाडसच. बी-29 चे पंख जोडल्यावर जवळजवळ 90 सेंटिमीटर भरतात. खोक्यात मॉडेलभोवती देखावा कसा मांडायचा याचं पत्रकही यायचं, आणि कित्येकांनी किटाइतकंच ते जपून ठेवलं. या तिन्ही किटांवरच्या रेषा उठावाच्या आहेत. केसासारख्या, नीट आखलेल्या.

त्या उठावाच्या का, याचं उत्तर साच्यात आहे. साचा म्हणजे उलटं चित्र. पोलादात रेघ कोरली की प्लास्टिकवर ती उठून येते. कारागिराला हे सोपं. प्लास्टिकवर खोलगट रेघ हवी असेल तर पोलादात बारीक वरंबा ठेवून आजूबाजूचा सगळा धातू खाली न्यावा लागतो. म्हणजे दसपट काम आणि एक चूक झाली की साचा वाया. ठिणगीने धातू झिजवण्याची पद्धत रुळली तेव्हा हे गणित बदललं. तिथे आधी सुट्या भागाच्याच आकाराचा इलेक्ट्रोड तयार करतात आणि तो साच्यात उतरवतात. इलेक्ट्रोडवर कोरलेली रेघ प्लास्टिकवर खोदीवच येते. जपानी कंपन्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून हा रस्ता धरला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बाकीचे मागून गेले.

इथवर हा यंत्रशाळेतला बदल. त्याचा ‘अचूकपणा’ झाला तो जोडणाऱ्यांच्या सोयीमुळे, आणि ती सोय खरीच आहे. फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्ध चिकटवले की पाठीवरून सांध्याचा सीम जातो. तो पुट्टी भरून घासला की उठावाच्या रेषाही त्याबरोबर साफ होतात. मग मेणबत्तीवर स्प्रू (किटाचे भाग ज्या दांडीला जोडलेले येतात ती) तापवून, ताणून त्याचा तंतू काढायचा आणि गेलेल्या जागी तो चिकटवत बसायचं. खोदीव रेघ मात्र घासूनही शिल्लक राहते. राहिली नाही तर सुईने पुन्हा ओढता येते. शिवाय वरून वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, सोडला की तो रेघेत आपोआप धावतो आणि मॉडेल फोटोत उठून दिसतं. परीक्षण लिहिणाऱ्यांनी ‘खोदीव पॅनेल लाइन’ हा गुणांच्या यादीतला पहिला मुद्दा केला, कंपन्यांनी तो जाहिरातीत घेतला, आणि लोक जुनी बी-17 विकत घेऊन तिच्या सगळ्या रेषा घासून नव्याने कोरायला बसले. हिवाळेच्या हिवाळे त्यात गेले.

आता खऱ्या विमानाकडे बघू. बी-17 किंवा लँकेस्टरचे पत्रे बहुतेक ठिकाणी एकावर एक चढवून रिव्हेट केलेले असतात, कौलांसारखे. दोन पत्र्यांच्या मध्ये फट नसते, पायरी असते. 1/72 मापातली 0.2 मिलिमीटर रुंदीची खोदीव रेघ खऱ्या विमानावर 14 मिलिमीटरहून रुंद चर होते. असा चर असलेल्या विमानात बसायला कुणी तयार होईल का? उठावाची रेघही खोटीच, कारण पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर आणि 1/72 मध्ये तिची पायरी रंगाच्या थराखाली बुडून जाईल. पण दोन खोट्यांतलं कमी खोटं कोणतं, असं विचारलं तर माझं मत जुन्या साच्याला. पत्र्याची कड वर येते, हे निदान ती रेघ मान्य करते.

विमानागणिक उत्तरही बदलतं, आणि नेमकं हेच सरसकट नियमाने झाकलं. मॉस्किटो लाकडाची, चिकटवलेल्या प्लायवूडची. तिच्यावर पत्र्यांच्या जोडरेषा असण्याचं कारणच नाही, जी काही रेघ हवी ती झाकणांभोवती. वेलिंग्टनच्या जाळीदार सांगाड्यावर कापड ताणलेलं होतं. किटांमध्ये ते दोन पट्ट्यांच्या मध्ये इतकं खोल गेलेलं दाखवतात की विमान उपाशी वाटतं. रात्री उडणाऱ्या लँकेस्टरचं पोट मिट्ट काळं, तिथे वॉश कुठल्या रेषेत सोडणार? आणि 1944 च्या सुरुवातीपासून अमेरिकी बॉम्बर कारखान्यातून बिनरंगाच्या येऊ लागल्या. त्यांच्यावरचे पत्रे वेगळे कळतात ते शेजारच्या दोन पत्र्यांची चकाकी वेगळी असते म्हणून. ते काम रंगाने करायचं, सुईने नव्हे.

या सगळ्यात एक अपवाद आहे आणि तो मजेशीर आहे. बी-29 ला हवेचा अडथळा कमी हवा होता. तिचे पत्रे कडेला कड लावून जोडले आणि रिव्हेटांची डोकी पत्र्याच्या पातळीत बसवली. म्हणजे खोदीव रेघ कुठे शोभली असती तर ती इथे. पण 1977 ची बी-29 उठावाच्या रेषांची, आणि नंतर निघालेल्या कितीतरी बी-17 खोदीव.

अलीकडची पंधरा वर्षं या वादाला वेगळ्या दिशेने नेतात. संगणकावर आखलेल्या साच्यांमुळे पृष्ठभाग हवा तसा करता येतो. 2010 नंतरच्या दशकात 1/32 मापातली बी-17 आली, पंख जवळजवळ एक मीटर. पाठोपाठ त्याच मापातली लँकेस्टर. ती ठेवायची कुठे, यावर घराघरात काय चर्चा झाली असेल ते सांगायला नको. मोठ्या मापात 0.2 मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावरच्या सुमारे साडेसहा मिलिमीटरवर येते, म्हणजे डोळ्याला तितकी टोचत नाही. काही नव्या किटांमध्ये एकावर एक चढलेल्या पत्र्यांची पायरी खरोखर घडवलेली आहे. फासळ्यांच्या मध्ये पत्रा हलका दबून सुरकुततो, तेही काहींनी साच्यात उतरवलंय. त्यावर पुन्हा दोन तट : एक म्हणतो विमान अखेर विमानासारखं दिसतं, दुसरा म्हणतो इतक्या सुरकुत्या असलेलं विमान मेकॅनिकने उडूच दिलं नसतं.

मधल्या काळात रेषा कोरायच्या सुया, स्टीलच्या पट्ट्या आणि रिव्हेट उमटवायची दातेरी चाकं यांचा धंदा चांगला जमला होता. आता त्याच रांगेत डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांच्या) कागदावर बसवलेले राळेचे बारीक ठिपके मिळतात. पाण्यात भिजवायचे आणि विमानावर ओळीने सरकवायचे. 1966 च्या स्टर्लिंगवर ते फुकट होते, फक्त जरा जाड.