कुणीतरी केला असेल फोन

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. समोरच्या विंगमधून आधी काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका बाईचं ओरडणं. दोन मिनिटांत पंधरा-वीस गॅलऱ्यांतले दिवे लागले. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. ‘बी विंगला काय चाललंय?’ ‘नेहमीचंच.’ ‘वॉचमनला सांगा कुणीतरी.’ ‘११२ ला फोन केला का कुणी?’ या शेवटच्या मेसेजला तिघांनी अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा अर्थ ‘हो, केला’ असा होता की ‘हो, करायला पाहिजे’ असा, ते आजतागायत कळलेलं नाही.

मीही गॅलरीतच उभा होतो, फोन हातात. तीन आकडे दाबायचे होते. पण इतके लोक जागे आहेत, कुणीतरी केला असेल, असं म्हणून मी दाबले नाहीत. कुणीच केला नव्हता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

हा जो ‘कुणीतरी’ आहे, तो १९६८ साली प्रयोगशाळेत सापडला. न्यूयॉर्कमधल्या जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटं बसवलं. कानाला हेडफोन, समोर माइक. विषय साधा, कॉलेजच्या आयुष्यातल्या अडचणी. एकमेकांचे चेहरे दिसणार नाहीत, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल, असं कारण सांगितलं. पहिलाच मुलगा जरा संकोचत सांगतो की मला कधीकधी फिट येते. पुन्हा त्याची पाळी येते तेव्हा त्याचे शब्द तुटायला लागतात, तो मदत मागतो, घुसमटतो आणि आवाज बंद होतो. हे सगळं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं, पण खोलीत बसलेल्याला ते माहीत नव्हतं.

ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के मुलं फिट संपायच्या आत मदतीसाठी उठली. आणखी एक जण ऐकतोय असं समजणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं आणि आणखी चौघं ऐकताहेत असं समजणाऱ्यांत ३१ टक्क्यांवर. उठायला लागणारा सरासरी वेळ ५२ सेकंदांवरून १६६ सेकंदांवर गेला.

आपण सगळे हे आकडे घेतो आणि ‘माणुसकी उरली नाही’ म्हणून मोकळे होतो. मला मात्र त्या अहवालातला दुसराच तपशील जास्त बोलका वाटतो. जी मुलं उठली नाहीत, त्यांच्या खोलीत शेवटी संशोधक गेले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता आणि ती विचारत होती, ‘तो बरा आहे ना?’ ती बेफिकीर नव्हती. धड जाता येईना आणि धड बसवेना, अशी त्यांची कोंडी झाली होती. गॅलरीत मी उभा होतो तेव्हा माझ्याही पोटात खड्डा पडला होता, हे इथं कबूल करतो.

आता जरा हिशेब करू. पाच जण ऐकताहेत आणि प्रत्येकाची उठण्याची शक्यता ३१ टक्के आहे, असं धरा. प्रत्येक जण बसून राहण्याची शक्यता झाली ६९ टक्के. पाचही जण बसूनच राहण्याची शक्यता काढायला ०.६९ ला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे १६ टक्के. म्हणजे कुणी ना कुणी उठण्याची शक्यता ८४ टक्के, एकट्या माणसाच्या ८५ टक्क्यांइतकीच! गर्दीत प्रत्येकाची जबाबदारी पातळ होते हे खरं, पण ज्याला फिट आली आहे त्याच्या बाजूनं पाहिलं तर फारसं काही बिघडत नाही.

अर्थात हा हिशेब प्रत्येकानं स्वतंत्रपणे ठरवलं तरच खरा. माणसं एकमेकांना दिसत असली की गणित कोलमडतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात मुलं एका खोलीत फॉर्म भरत बसली असताना भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या मुलांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. मग तीन अनोळखी मुलं एकत्र बसवली, तर वरच्याच गणितानं तिघांपैकी एकानं तरी सांगण्याची शक्यता ९८ टक्के यायला हवी होती. प्रत्यक्षात फक्त ३८ टक्के गटांतून कुणीतरी उठलं. बाकीची मुलं खोकत, डोळे चोळत, हातानं धूर बाजूला सारत फॉर्म भरत राहिली. प्रत्येक जण चोरून दुसऱ्याकडे बघत होता, दुसरा शांत दिसतोय म्हणजे विशेष काही नसेल असं ठरवत होता, आणि तो दुसराही हेच करत होता.

हे प्रयोग सुचले ते एका बातमीमुळे, आणि ती बातमीच बरीचशी चुकीची होती. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीचा तिच्या घरापाशी भोसकून खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर छापलं की ३८ सभ्य नागरिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ हा खून होताना पाहिला आणि एकानंही त्या वेळात पोलिसांना कळवलं नाही. ही कथा पुढं मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथंच ठाण मांडून बसली.

नंतरच्या संशोधकांनी खटल्याची कागदपत्रं काढून पाहिली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. ३८ हा आकडा ‘डोळ्यांनी पाहणाऱ्यां’चा नव्हता, बहुतेकांनी नुसते आवाज ऐकले होते, तेही मार्चच्या थंडीतल्या पहाटे तीननंतर. एकानं खिडकीतून आरडाओरडा केला आणि हल्लेखोर खरोखरच पळाला. तो परत आला तेव्हाचा दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्यापाशी झाला. समोरच्या खिडक्यांतून तो दिसणं शक्यच नव्हतं. एक शेजारीण मात्र खुनी अजून तिथं आहे की गेला याचा विचार न करता खाली धावली आणि अँब्युलन्स येईपर्यंत किटीला धरून बसली. या बाईचा मूळ बातमीत उल्लेखही नव्हता. खुनी पाच-सहा दिवसांत पकडला गेला तोसुद्धा शेजाऱ्यांमुळेच. तो एका घरातून सामान पळवत होता. त्या घराच्या एका शेजाऱ्याला शंका आली, पोलिसांना फोन गेला आणि दुसऱ्यानं त्याच्या गाडीचं इंजिन चालू होणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली. बघ्यांच्या नावानं जगभर बोटं मोडली गेली ज्या प्रकरणात, त्यातला आरोपी बघ्यांनीच पकडून दिला.

मग खऱ्या रस्त्यावर माणसं करतात तरी काय? हे पाहायला आता सीसीटीव्ही आहेत. इंग्लंडमधलं लँकेस्टर, नेदरलँड्समधलं अ‍ॅमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन इथल्या भर रस्त्यातल्या २१९ भांडणांचं चित्रण एका आंतरराष्ट्रीय गटानं तपासलं आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. ९१ टक्के प्रसंगांत एक तरी त्रयस्थ माणूस मध्ये पडला होता. भांडणाऱ्याला मागं ओढणं, दोघांच्या मध्ये उभं राहणं, मार खाणाऱ्याला बाजूला नेणं, असं काही ना काही त्यानं केलं होतं. शिवाय, आसपास माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. तिन्ही शहरांत हे प्रमाण जवळपास सारखंच. यातली बरीच भांडणं हातघाईची होती, सगळीच कोयता-सुऱ्याची नव्हती, ही सावधगिरी बाळगूनही आकडा मोठाच आहे.

कोयत्याचं म्हणाल तर पुण्याचं उदाहरण ताजं आहे. २७ जून २०२३ ला सकाळी सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागं धावत होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या लेशपाल जवळगेनं त्याचा कोयत्याचा हात धरला. हर्षद पाटील त्याच्या मदतीला आला आणि मग सगळे तुटून पडले. त्याच पुण्यात, येरवड्यात, जानेवारी २०२५ मध्ये एका कार्यालयाच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्यानं एका तरुणीवर वार केले. भोवती माणसं होती. हत्यार त्याच्या हातात असेपर्यंत कुणी पुढं झालं नाही. ते खाली पडल्यावर मात्र त्याच माणसांनी त्याला धरून चोपलं. ती मुलगी वाचली नाही. दोन्हीकडे लोक पुण्याचेच. फरक पहिल्या माणसाचा आहे. एक जण हलला की बाकीच्यांना दोन गोष्टी एकदम कळतात: हा प्रकार खरोखरच गंभीर आहे, आणि इथं काहीतरी करता येतं. खोलीतल्या धुरात नेमकं हेच कुणी कुणाला सांगत नव्हतं.

पण ‘पुढं व्हा’ असा सरसकट सल्ला द्यायला मी धजावणार नाही. २० ऑक्टोबर २०११ ला मुंबईत अंबोलीला कीनन आणि रूबेन या दोन मित्रांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं. छेड काढणारे टोळकं घेऊन परत आले. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी. त्यांनी चूक काहीच केली नव्हती. जे करायला हवं तेच केलं आणि भोवतीच्या गर्दीतून त्यांना साथ मिळाली नाही. चौघांना जन्मठेप व्हायला २०१६ उजाडलं.

याची उलटी बाजू धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर पसरलेली. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्या जमावातल्या अनेकांना आपण बघे नाही, आपण गुन्हा थांबवतोय असंच वाटत असणार! तिथं मध्ये पडायला हवं होतं ते मारणाऱ्यांच्या आणि मार खाणाऱ्यांच्या मध्ये. डोळ्यांसमोर चाललेला मार थांबवणं वेगळं आणि ‘हा तसला दिसतोय’ म्हणून हात उचलणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला मदत म्हणण्यात काही अर्थ नाही.

कायद्याची भीती हे आपल्याकडचं आणखी एक कारण. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण उगाच पडलेली नाही. तारखांवर तारखा ज्यांनी पाहिल्यात त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. तरी थोडं बदललंय. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आणि पुढं २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं संरक्षण मिळालं. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असेल तर त्याच्या बचावासाठी आवश्यक तेवढंच बळ वापरण्याचा हक्क जुन्या कायद्यात होता, नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. चोपण्याची परवानगी कुठंच नाही.

राहिला तो घरातला मार. तो सगळ्यात अवघड, कारण तिथं आपल्याला ‘नवरा-बायकोचं भांडण’ हे तयार उत्तर सापडतं. १९७६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात एका नटानं आणि एका नटीनं लोकांसमोर झटापटीचं नाटक केलं. बाई ‘मी तुला ओळखत नाही’ असं ओरडली तेव्हा ६५ टक्के बघे मध्ये पडले. ‘तुझ्याशी लग्न का केलं कुणास ठाऊक’ असं ओरडली तेव्हा १९ टक्के. झटापट तीच, मार तोच. आमच्या ग्रुपवरचा ‘नेहमीचंच’ हा मेसेज मला मध्ये न पडलेल्या उरलेल्या ८१ टक्क्यांत बसवता येतो.

भारतात २००८ साली ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम काढली होती. जाहिरातीत शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, माणूस उठतो, दाराची बेल वाजवतो आणि कपभर दूध मागतो. भांडायचं नाही, उपदेश करायचा नाही. आतल्याला एवढंच कळतं की बाहेर कुणीतरी ऐकतंय. मला तेव्हा ते जाहिरातीपुरतं ठीक वाटलं होतं.

त्या रात्री आमच्या ग्रुपवर अंगठे पडत असताना बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकू, ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि बेल दाबून धरली. हातात स्टीलची वाटी होती. दार उघडल्यावर म्हणाल्या, “विरजण आहे का गं? माझं संपलं.” पावणेबारा वाजले होते. मग त्या तिथंच सोफ्यावर बसल्या, पाणी मागितलं, गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि चांगला अर्धा तास हलल्या नाहीत. नवरा आतल्या खोलीत निघून गेला. निघताना त्यांनी त्या मुलीला आपल्या घराची जादा किल्ली दिली.

हे मला आठवड्यानंतर वॉचमनकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज होता तो पाण्याची टाकी धुण्याचा. त्याला सोळा अंगठे होते, त्यातला एक माझा.