६१७४ : प्रत्येक नंबर तिथे पोचत नाही

आपल्या सोलापूरच्या एमएच १३ पाटीवरचा कोणताही चार अंकी नंबर घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करत राहा, शेवटी ६१७४ येणारच, असं वर्षानुवर्षं सांगतात. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा हा सुंदर शोध अर्धवट सांगितला जातो, याचं वाईट वाटतं.

७७७७ घेतला तर पहिल्याच वजाबाकीत शून्य. किमान दोन अंक वेगळे हवेतच.

खरी फसगत पुढे होते. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. तीनच अंक धरले तर पुन्हा शून्य, आणि मुलं नियमच खोटा समजतात. तिथे ०९९९ लिहायचं! मग ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.