कॅनबेरा विमान दुर्घटना (१९४०)

१३ ऑगस्ट १९४० रोजी ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत उतरण्याच्या बेतात असलेले हवाई दलाचे लॉकहीड हडसन विमान कोसळून दहाही जण ठार झाले. त्यांत पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांच्या मंत्रिमंडळातले तीन मंत्री आणि लष्करप्रमुख होते. महायुद्ध चालू असताना देशाच्या संरक्षणाची धुरा वाहणारी माणसे एकाच विमानात बसवली गेली, ही गोष्ट आजही मनाला लागते.

मंत्रिमंडळाच्या बैठकीसाठी हे सगळे मेलबर्नहून निघाले होते. हवाई दल व नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री जेम्स फेअरबेर्न, लष्करमंत्री जेफ्री स्ट्रीट, ज्येष्ठ मंत्री हेन्री गलेट आणि जनरल ब्रुडनेल व्हाइट. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीतून सैन्य सुखरूप बाहेर काढण्याची योजना आखणारे ते हेच व्हाइट. निवृत्तीतून त्यांना पुन्हा बोलावून घेतले होते.

हडसन हे मूळचे टेहळणी व बाँबफेकीचे विमान. वेग कमी करून वळण घेताना पंखांखालची उचल अचानक सुटायची, एक पंख खाली कलायचा आणि जमीन जवळ असली की सावरायला उंचीच उरायची नाही. कॅनबेरातही असेच घडले असावे. धावपट्टीच्या बाजूला घिरटी घेऊन विमान टेकडीआड गेले आणि मग तिथून धूर दिसू लागला.

चौकशीत कारण पक्के ठरले नाही. फेअरबेर्न स्वतः वैमानिक होते, पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवलेले. त्यामुळे शेवटच्या क्षणी सुकाणू त्यांच्याच हाती होते का, हा वाद मागे राहिला. पण तसे सिद्ध झालेले नाही, आणि मृत मंत्र्यावर वा वैमानिक रॉबर्ट हिचकॉक यांच्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल.

मेन्झीस यांचे जवळचे सहकारी गेले. सप्टेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन्ही बाजू तुल्यबळ ठरल्या आणि सत्तेचा तराजू दोन अपक्षांच्या हाती आला. त्यांतले आर्थर कोल्स निवडून आले ते गलेट यांच्याच हेन्टी मतदारसंघातून. ऑगस्ट १९४१ मध्ये मेन्झीस पायउतार झाले. त्यांच्यानंतर आलेल्या आर्थर फॅडन यांचे सरकार ऑक्टोबरमध्ये कोल्स आणि दुसरे अपक्ष अलेक्स विल्सन यांच्या मतांनी पडले व मजूर पक्षाचे जॉन कर्टिन पंतप्रधान झाले.

कॅनबेरा विमानतळावरील हवाई दलाच्या तळाला पुढे फेअरबेर्न यांचे नाव देण्यात आले.