काट्याला न कळणारी चरबी

परभणी-हिंगोलीकडच्या गावांत रक्ततपासणीचे शिबिर भरले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "मी असा वाळक्या अंगाचा, मग मला शुगर कशी निघाली?" काट्यावर वजन बेताचे भरले म्हणजे प्रकृती ठणठणीत, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापून या समजाला छेद दिला. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली.

त्यातही चरबी साठते कोठे, हे अधिक महत्त्वाचे. त्वचेखालचा थर हे तिचे हक्काचे पेव. ते अपुरे पडले की ती आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. जेवणानंतर स्रवणारे इन्सुलिन चरबीच्या पेशींना साठा सोडू देत नाही, पण आतड्यांभोवतीच्या पेशी त्याला फारसे जुमानत नाहीत, आणि त्यांनी सोडलेली मेदाम्ले, म्हणजे चरबीचे सुटे घटक, तिथल्या शिरेतून थेट यकृतात उतरतात. यकृताच्या पेशींत डायअ‍ॅसिलग्लिसरॉलसारखे मेदजन्य पदार्थ साचले की साखर सोडणे थांबवण्याचा इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. मग रक्तात पुरेशी साखर असतानाही यकृत रात्रभर आणखी साखर सोडत राहते, आणि सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ती दिसते. स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन स्रवून काही वर्षे निभावून नेते, पुढे तेही थकते. पोट उतरवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या घामाच्या पट्ट्यांनी यातले काहीही बदलत नाही, कारण घामाबरोबर जाते ते पाणी.

वजन बेताचे पण चरबी जास्त, ही ठेवण गर्भातच घडू लागते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. दिवस गेलेले असतानाही फडात उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बीडच्या बायांचा आहार हा म्हणूनच पुढच्या पिढीच्या मधुमेहाचाही प्रश्न आहे.

भारतीयांसाठी २३ बीएमआयपासूनच वजन जादा धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी लागते. ती नेसत्या कपड्याच्या नाडीवर न मोजता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावी. शिंप्याची टेप त्यासाठी पुरते.