जुन्या टर्बो स्पोर्ट्‌स कारमधील कोल्ड एअर इनटेक

कोल्ड एअर इनटेक म्हणजे बॉनेटखालची तापलेली हवा टाळून बाहेरची हवा एअर फिल्टरपर्यंत आणणारी आणि तिथून कमीत कमी अडथळ्याने टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी पोचवणारी व्यवस्था. ही नोंद १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या पेट्रोलवरच्या टर्बो स्पोर्ट्‌स गाड्यांपुरती आहे. पोर्शे ९४४ टर्बो, माझदा आरएक्स-७, निस्सान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा एमआर-२ टर्बो, मित्सुबिशी एक्लिप्स ही त्यांतली ओळखीची नावे.

या गाड्यांना आता तीस-चाळीस वर्षे झाली आहेत, हे काम सुरू करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे लागते. रबरी नळ्यांच्या चुण्यांत भेगा पडलेल्या असतात, फिल्टरच्या डब्याभोवतीचा फोम भुसा होऊन गळून गेलेला असतो, आणि पुढून हवा आणणारा प्लॅस्टिकचा नाळका कोणीतरी बंपर काढताना परत बसवायला विसरलेला असतो. अशा गाडीवर नवा इनटेक चढवून जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा मूळ व्यवस्था धड केली असती तरी मिळाला असता.

गरम हवेचा हिशेब

हवा तापली की विरळ होते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२० किलो, तर ६० अंशांना सुमारे १.०६ किलो. म्हणजे १२ टक्के घट. टर्बो नसलेल्या इंजिनात ही घट जवळजवळ थेट ताकदीत उतरते. टर्बो इंजिनात गणित वेगळे आहे, कारण मध्ये कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) आणि इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) बसलेले असतात.

०.८ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) आणि ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर धरू. त्यात २५ अंशांची हवा शिरली तर सुमारे १०३ अंशांना बाहेर पडते. ६० अंशांची शिरली तर सुमारे १४७ अंशांना. आत ३५ अंशांचा फरक होता, बाहेर तो ४४ झाला. पुढे ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर ही हवा अनुक्रमे ४८ आणि ६२ अंशांपर्यंत खाली आणतो. शेवटी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागात) फरक उरतो तो १४ अंशांच्या आसपास, म्हणजे घनतेत सुमारे ४ टक्के. इंटरकूलर फिल्टरपाशी झालेल्या चुकीवर बरेचसे पांघरूण घालतो. मात्र तो स्वतःच तापून बसला असेल, किंवा इंजिनाच्या डोक्यावर असेल, तर हे पांघरूण तोकडे पडते. शिवाय मॅनिफोल्डची हवा तापत गेली की नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणे) जवळ येते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेते, म्हणजे ठिणगी उशिरा देते. तिथे जाणारी ताकद या ४ टक्क्यांच्या वर.

अडथळ्याचे तसे नाही. कॉम्प्रेसरच्या आधी ५ किलोपास्कल दाब पडत असेल, तर तेवढाच बूस्ट देण्यासाठी दाबाचे गुणोत्तर १.७९ वरून १.८८ वर जाते आणि टर्बाइनला (टर्बोच्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या भागाला) दर किलो हवेमागे सुमारे १० टक्के जास्त काम करावे लागते. बूस्टचा काटा तेच दाखवतो. टर्बो मात्र जास्त वेगाने फिरतो, एक्झॉस्टमध्ये मागचा दाब वाढतो आणि पिकअप उशिरा येतो. या पिढीतले लहान टर्बो वरच्या आरपीएमला आधीच क्षमतेच्या काठावर असतात, त्यांना हा अडथळा जास्त जाचतो. म्हणून नाव ‘कोल्ड एअर’ असले तरी कामाचा अर्धा भाग थंडाव्याचा आणि अर्धा मोकळ्या वाटेचा आहे.

आधी मोजणे

मूळ व्यवस्था किती अडवते हे मोजायला पारदर्शक नळी आणि पाणी पुरते. नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बांधून दोन्ही भुजा किमान एक-एक मीटर ठेवाव्यात आणि इंजिनाकडच्या टोकाला मध्ये एक रिकामी बाटली जोडावी, म्हणजे पाणी ओढले गेले तरी बाटलीत पडेल, टर्बोत जाणार नाही. पाइपच्या सरळ भागात ३ मिलिमीटरचे भोक भिंतीला काटकोनात पाडायचे, आतली कड घासून साफ करायची. भोक पाडताना पाइप गाडीवरून उतरवलेला हवा. धातूचा एक कीस टर्बोच्या पात्यांना पुरतो. पातळीतला १० सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर, पूर्ण थ्रॉटल देऊन, रेडलाइनच्या (कमाल आरपीएमच्या) जवळ वाचन घ्यावे. वाचणारा माणूस दुसरा हवा, चालवणाऱ्याने पाण्याकडे बघायचे नाही.

तीन जागी मोजले की दोषी कोण ते कळते: फिल्टरच्या आधी, फिल्टरनंतर, आणि टर्बोच्या तोंडाशी. एकूण २५ सेंटिमीटरच्या आत असेल तर पाइप बदलण्यात फारसे हाती लागत नाही, लक्ष उष्णतेकडे वळवावे. ५० सेंटिमीटरच्या पुढे गेले की काम करण्यासारखे आहे. एक खाचखळगा असा की अरुंद पाइपात हवा वेगात असते म्हणून तिथला दाब तसाही कमी दिसतो; सेकंदाला ३७ मीटर वेगाला हा दिखाऊ भाग सुमारे ८ सेंटिमीटरचा असतो. तेवढा वजा धरून निष्कर्ष काढावा.

तापमानासाठी दोन-तीन थर्मोकपल (तापमान मोजणारे तारेचे सेन्सर) लागतात: एक बाहेरच्या आरशापाशी, एक फिल्टरच्या तोंडाशी, जमल्यास एक इंटरकूलरनंतर. गाडी ६० किलोमीटरच्या वेगाने पाच-सात मिनिटे चालल्यावर फिल्टरपाशी बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश जास्त, इतपत चालते. २५-३० अंश जास्त आले तर फिल्टर इंजिनाचीच हवा पितो आहे.

हवा मोजणारा मीटर

किती पेट्रोल टाकायचे हे ईसीयू या मीटरवरून ठरवते, म्हणून सर्वांत महाग चुका इथे होतात. पोर्शे ९४४ टर्बोसारख्या गाडीत स्प्रिंगवरची झडप ढकलून हवा मोजली जाते. ती झडप स्वतःच अडथळा असते आणि फिल्टर बदलून तो जात नाही. स्कायलाइन जीटी-आरच्या आर-३२ मॉडेलवर दोन हॉट-वायर (तापलेल्या तारेचे) मीटर आहेत. मित्सुबिशी एक्लिप्समध्ये कार्मान भोवऱ्यांवर (अडथळ्यामागे उठणारे भोवरे मोजून) चालणारा मीटर आहे, त्याला तोंडाशी शांत, सरळ प्रवाह लागतो. आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीत मीटरच नाही, मॅनिफोल्डच्या दाबावरून हिशेब होतो, त्यामुळे तिथे पाइप बदलण्याची मोकळीक जास्त.

हॉट-वायर मीटर प्रवाहाचा एक लहान नमुना घेऊन एकूण हवेचा अंदाज बांधतो. तोच सेन्सर ७० मिलिमीटरच्या नळीतून काढून ७६ मिलिमीटरच्या नळीत बसवला तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते आणि मीटर हवा सुमारे १५ टक्के कमी सांगतो. पूर्ण बूस्टवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नाही, सरळ तक्त्यावरून पेट्रोल टाकते. म्हणजे मिश्रण नेमके तिथे लीन (पेट्रोल कमी) होते जिथे पिस्टन वितळतो. मीटरची मूळ नळी बदलायची तर ईसीयूची पुन्हा ट्यूनिंग हवीच. नळीतली जाळी किंवा मधाच्या पोळ्यासारखी चाळणी ‘अडवते’ म्हणून काढून टाकणारे नंतर डगमगत्या आयडलिंगचे कारण शोधत बसतात. मीटरच्या आधी १० ते १५ सेंटिमीटर सरळ पाइप ठेवावा. वळण लगेच आले तर वाचन बिघडते.

तेल लावलेला सुती फिल्टर वापरताना तेल जास्त झाले तर ते तारेवर बसते. धुतल्यावर तेल बेताने लावून रात्रभर ठेवावे, तार मीटरसाठीच्या स्प्रेनेच धुवावी.

बांधणी

उघडा कोन फिल्टर टर्बोच्या शेजारी लटकवणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार. डायनोवर बॉनेट उघडून समोर मोठा पंखा लावला की तो आकडा चांगला देतो. रस्त्यावर बॉनेट मिटले की गरम हवा ओढतो. आवाज वाढतो, आणि फुसकारा ऐकून गाडी पळायला लागली असे वाटते.

फिल्टरला बंद खोली द्यावी. आधी पुठ्ठ्याचा साचा करून बघावा, मग १.५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात तो उतरवावा. वरच्या कडेला रबरी पट्टी अशी लावायची की बॉनेट मिटल्यावर ती दबून बंद होईल. कडेवर खडू फासून बॉनेट एकदा मिटला की कुठे टेकते आणि कुठे फट आहे ते बॉनेटच्या आतल्या बाजूला उमटते. इंजिन झटका देताना हलते, म्हणून इंजिनाला जोडलेल्या कोणत्याही भागापासून १५ मिलिमीटर तरी अंतर राखावे. टर्बोकडच्या बाजूला उष्णता परतवणारा चकचकीत टेप लावला तर उपयोग होतो.

या खोलीला बाहेरून हवा आणणारा मार्ग तितकाच मोठा लागतो, आणि तोच लोक विसरतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या डक्टचे क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ७६ मिलिमीटर पाइपच्या पावणेदोन पट, एवढे असावे. डक्टचे तोंड रेडिएटरच्या पुढे, जिथे गरम हवा मागे फिरून येत नाही अशा जागी घ्यावे आणि कड बाहेर वळवलेली, घंटेसारखी ठेवावी. खोलीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ६ ते ८ मिलिमीटरचे भोक पाणी निघण्यासाठी लागते. फिल्टर बंपरच्या तळाशी उतरवू नये; साचलेल्या पाण्यात तो बुडाला तर पाणी सिलिंडरपर्यंत जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतात.

वेगामुळे हवा आत ‘ठासली’ जाते ही समजूत आकड्यांत फार टिकत नाही: ताशी १०० किलोमीटरला मिळणारा जास्तीत जास्त दाब अर्ध्या किलोपास्कलपेक्षा कमी. तसेच इम्प्रेझा टर्बो किंवा दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ टर्बो यांच्या बॉनेटवरचे नाक इंटरकूलरसाठी आहे. ते फिल्टरकडे वळवले तर फायद्यापेक्षा तोटा पदरात पडतो.

पाइपचा व्यास ताकदीवरून ठरतो. २५० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे ११ किलो हवा लागते. आतून ७३ मिलिमीटरच्या पाइपात ती सेकंदाला ३७ मीटर वेगाने जाते, ६० मिलिमीटरच्या पाइपात ५५ मीटर. घर्षण वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून दुसऱ्या पाइपात नुकसान दुपटीहून जास्त. पाइप ॲल्युमिनियमचा की प्लॅस्टिकचा यावर होणारे वाद या मानाने फोल आहेत. पूर्ण थ्रॉटलवर ६० सेंटिमीटर पाइपातून हवा सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा कमी वेळात पार होते, तेवढ्यात भिंतीकडून फारशी उष्णता घेत नाही. आयडलिंगला आणि रांगेत थांबून असताना मात्र धातूचा पाइप हवेला तापवतो.

ओढीच्या बाजूला साधी मऊ सिलिकॉन नळी वापरली तर वरच्या आरपीएमला ती आत बसते आणि गाडी अचानक दम तोडते. थांबून बॉनेट उघडेपर्यंत नळी पुन्हा फुगलेली, त्यामुळे दोष सापडत नाही. आत तारेची गुंडाळी असलेली नळीच घ्यावी. पाइपच्या टोकाला उंचवटा नसेल तर क्लॅम्प कितीही आवळला तरी नळी सरकते.

जुन्या पाइपवरची प्रत्येक लहान नळी नव्यावर हवी: क्रँककेसचा श्वास (इंजिनाच्या तळातली वाफ काढणारी नळी), आयडल व्हॉल्व्हची हवा, ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (थ्रॉटल मिटल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) परतीचा मार्ग, बूस्ट सोलेनॉइड (बूस्ट आवरणारा विजेचा व्हॉल्व्ह). मीटर असलेल्या गाडीत ब्लो-ऑफ बाहेर सोडला तर मोजलेली हवा वाया जाते, गिअर बदलताना मिश्रण क्षणभर रिच (पेट्रोल जास्त) होते आणि थांबताना इंजिन बंद पडते.

पाइप उतरवलेला असतानाच टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघावा. आडवी किंचित हालचाल चालते, पाती घराला घासता कामा नयेत. पुढे-मागे जाणवण्याइतके अंतर असेल तर आधी टर्बो, मग इनटेक. पात्यांच्या कडा घासून बोथट झालेल्या दिसल्या तर फिल्टरला बगल देऊन धूळ बरीच वर्षे आत जात होती.

तपासणी

बसवल्यावर मीटरनंतर, टर्बोच्या बाजूला टोपण लावून, क्रँककेसची नळी बंद करून, इंजिन बंद ठेवून ०.५ ते ०.७ बार हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे. क्रँककेस उघडी राहिली तर दाब ऑइल सीलवर जातो. मीटर आणि टर्बो यांच्या मधली गळती मिश्रण लीन करते, कॉम्प्रेसरनंतरची गळती बूस्टखाली रिच करते व काळा धूर देते. लक्षणावरून जागा ओळखता येते.

मग वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) लावून तिसऱ्या गिअरमध्ये नोंद घ्यावी. या पिढीच्या गाड्यांना पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोलचे गुणोत्तर साधारण ११ ते १२ असते, १२.५ च्या वर सरकू लागले तर पाय लगेच काढावा. बूस्टही पाहावा, कारण वाट मोकळी झाल्यावर, विशेषतः एक्झॉस्टही मोकळा केलेला असेल तर, लहान वेस्टगेट (टर्बाइनला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) बूस्ट आवरू शकत नाही आणि काटा ठरलेल्या जागेच्या पुढे चढत राहतो. काही गाड्यांत तिथे ईसीयू पेट्रोल तोडते आणि गाडी जोरात हिसका देते. हा हिसका फिल्टरचा दोष समजून जुना फिल्टर परत लावला की तो थांबतो, कारण अडथळा परत आलेला असतो. दुरुस्ती वेस्टगेटची करायची असते.